चावण्याचा धोका

सरकारी पाळणाघरातल्या मदतनीस बाईंना मुलं ताई म्हणत, मुलांच्या आयाही ताईच म्हणत, आणि पगारपत्रकात त्या 'अकुशल कर्मचारी' होत्या. त्यांचा धाकटा दीर पोलिसांच्या श्वानपथकात परिचर होता. कुत्र्यांना खाऊ घालायचं, आंघोळ घालायची, फिरवायचं, आजारी पडली तर डॉक्टरकडे न्यायचं, हे त्याचं काम. लांबून शिट्टी मारून तो कुत्री बोलवायचा, म्हणून पथकात त्याचं नावच 'शिट्टी' पडलं होतं. पगारपत्रकात तो 'कुशल' होता, ताईंपेक्षा दोन श्रेणी वर. दोघं एकाच घरात राहत आणि एकाच पातेल्यातलं जेवत.

"हा कुत्री सांभाळतो, ही माणसांची पोरं सांभाळते," सासूबाई वाढताना म्हणत, "आणि सरकारचा जीव कुत्र्यांवर!"

यावर सगळे हसत. ताईही हसत. मग नवा कायदा आला आणि ताईंनी हसणं थांबवलं.

कायदा सरळ होता. आपल्या कामाचं मोल एखाद्या पुरुषाच्या कामाइतकंच आहे असं वाटलं, तर सरकारी नोकरीतल्या कुठल्याही बाईला वेतन लवादाकडे अर्ज करता येणार होता. अट एकच. ज्याच्या कामाशी तुलना करायची, त्या माणसाने स्वतः लवादापुढे येऊन आपलं काम सांगायचं. तो आला नाही तर अर्ज बाद.

सगळ्या मदतनिसांच्या वतीने ताईंनी अर्ज करायचं ठरवलं आणि माणूस शोधायला घेतला. कार्यालयाच्या बागेतल्या माळ्याने पाठदुखी पुढे केली. वाहनतळावरचा रखवालदार "बायकोला विचारून सांगतो" म्हणाला, आणि त्यानंतर ताई दिसल्या की गाड्यांच्या आड जाऊ लागला.

"भाऊजी, तुम्ही या," ताई जेवताना म्हणाल्या.

"मी? दुसरं कुणी मिळालं नाही का, वहिनी?"

"नाही मिळालं."

"निदान खोटं तरी बोलायचं. म्हणायचं, भाऊजी, तुमच्यासारखा माणूस नाही."

"तुमच्यासारखा माणूस नाही. आता येता?"

दिराने घास तसाच हातात धरला. "पथकातले मला सुखाने जगू देणार नाहीत. त्यांना वाटतंय, बायकांचा पगार वर न्यायच्या नादात आमचा खाली आणतील."

"कुणाचाही कमी होणार नाही, कायद्यातच आहे."

"ते मला नका सांगू. आमच्या हवालदारांना सांगा."

विषय तिथेच राहिला. सकाळी बूट पुसता पुसता, वर न बघता त्याने विचारलं, "तारीख कधीची आहे?"

अर्ज दाखल झाल्यावर लवादाचा मूल्यांकन अधिकारी आला. तो एक दिवस श्वानपथकात आणि एक दिवस पाळणाघरात बसला. दोघांनाही त्याने सारखाच तक्ता भरायला दिला होता. कौशल्य, जबाबदारी, अंगमेहनत यांत दोघांचे गुण जवळपास सारखे झाले. फरक पडला तो 'प्राणी चावण्याचा धोका' या रकान्यात. दिराला तिथे पूर्ण गुण मिळाले. ताईंनी रकान्यात रेघ मारली होती, त्यामुळे त्यांना शून्य. तेवढ्यावर खात्याच्या वकिलांना केस जिंकल्यातच जमा वाटत होती.

पथकात दिराला चहाला कुणी हाक मारेनासं झालं. हवालदार मात्र जाता-येता बोलत. "काय शिट्टी, वहिनीची वकिली घेतलीस म्हणे? फी काय, ताटात जास्तीचं वाढप?"

सुनावणीला हवालदार पथकातल्या चौघांना घेऊन मागच्या बाकावर बसले. पुढे ताई आणि त्यांच्या मैत्रिणी. लवादाचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, कमी बोलणारे.

खात्याच्या वकिलांनी दिराला उभं केलं. "तुम्ही सांभाळता त्या कुत्र्यांना अंगावर धावून जायचं शिक्षण दिलेलं असतं. माणसाचा हात ती फोडू शकतात. बरोबर?"

"फोडू शकतात."

मागच्या बाकावर माना हलल्या.

"म्हणजे तुमच्या जिवाला रोज धोका असतो."

दिराने मागे पाहिलं. हवालदार त्याच्याकडेच बघत होते. मग त्याने पुढे पाहिलं. ताई स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. एक 'हो' म्हटलं असतं तर पथकात दुसऱ्या दिवशी चहा मिळाला असता, आणि अर्ज निकालात निघाला असता.

"नाही," तो म्हणाला. "इतक्या वर्षांत मला एकदाही कुत्रं चावलेलं नाही."

"एकदाही नाही?"

"चावा एकदा बसला. पण कुत्र्याचा नव्हता." त्याने बाही वर केली, मग आठवून खाली घेतली. "खूण गेली आता. वहिनींचा डबा द्यायला पाळणाघरात गेलो होतो. एक पोरगं रडत होतं, म्हणून उचललं. ते माझ्याकडे बघून हसलं आणि चावलं."

हसू फुटलं. अध्यक्षांनी टेबलावर बोट वाजवलं.

"मी ओरडलो, साहेब. पोर हातातून सुटलंच होतं. वहिनींनी वरच्या वर झेललं. त्यांच्या कडेवर आधीच एक होतं. आमचं कसं, कुत्रं बिथरलं तर मुसकं बांधायचं. हातात मोजे असतात, गळ्यात साखळी असते. 'बस' म्हटलं की बसतं, कारण आमच्याकडे येतं तेच शिकून येतं. वहिनींकडे ती शिकायच्या आधी येतात. आणि मुसकं बांधायची सोय नाही."

अध्यक्ष ताईंकडे वळले. "तुम्हाला मुलं चावतात?"

"दात येताना सगळीच चावतात, साहेब. मला चावलं तर हात धुऊन टाकते. एकाने दुसऱ्याला चावलं की खरं काम. ज्याला चावलं त्याला शांत करायचं, जो चावला त्याला समजवायचं, आणि संध्याकाळी दोघांच्या आयांना तोंड द्यायचं. गेल्या वेळी एकाची आई विभागप्रमुख होती, दुसऱ्याची तिच्याच हाताखाली कारकून."

"चावलं कोण होतं?"

"विभागप्रमुखांचा मुलगा."

या वेळी अध्यक्षांनी बोट वाजवलं नाही.

"मग तक्त्यात रेघ का मारलीत?" वकील उठून म्हणाले. "धोका आहे असं तेव्हाच लिहायचं होतं."

"रकाना प्राण्यांचा होता," ताई म्हणाल्या. "मुलांना प्राणी कसं म्हणू?"

मूल्यांकन अधिकाऱ्याने आपला तक्ता पुढे ओढला, तो रकाना वाचला आणि पेनाचं टोपण काढलं. वकील खाली बसले.

निकाल आला तेव्हा पाळणाघरात दुपारची झोप चालली होती. पडदे ओढलेले, मुलं सतरंजीवर ओळीने आडवी, शेवटचं नुकतंच डोळे मिटत होतं. दाराशी दीर धापा टाकत उभा राहिला. हातात आदेशाची प्रत आणि बिस्किटांचा डबा होता. त्याने सवयीने शिट्टीसाठी दोन बोटं तोंडात घातली. ताईंनी तळहात समोर धरला. कुत्र्याला 'थांब' सांगताना तो स्वतः धरायचा, अगदी तसाच. तो थांबला. बोटं काढली, बूट काढले आणि चवड्यांवर चालत आत आला.

ताईंनी आदेश वाचला. मदतनीस आणि परिचर, श्रेणी एकच. सगळ्या सरकारी पाळणाघरांना लागू. फरक अर्जाच्या तारखेपासून. कुणाचाही पगार कमी होणार नाही.

कागद हातोहात फिरला. एकीने पदराचा बोळा तोंडात कोंबला. दुसरी मुलांच्या पायथ्याशी अनवाणी गिरक्या घेऊ लागली. पाळणाघराच्या मोठ्या बाई, ज्या कधी कुणाला जवळ घेत नसत, त्या ताईंच्या गळ्यात पडून नुसत्या हलत होत्या. सबंध खोली जिंकल्याच्या आनंदाने नाचत होती आणि आवाज होता तो फक्त पंख्याचा.

"हवालदार विचारत होते," दीर कुजबुजला, "त्यांची बायको रुग्णालयात आया आहे. तिने अर्ज केला तर माणूस कोण उभा करायचा?"

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, तुम्हीच राहा की उभे."

ताईंना हसू आवरेना. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण ते बोटांमधून फुटलंच. सतरंजीवर एक डोकं वर आलं. मग दुसरं. मग कुणीतरी भोकाड पसरलं आणि सगळी ओळ उठून बसली.

ताईंनी रडणारं पोर उचलून खांद्यावर टाकलं आणि मोकळ्या हाताने दिराला खूण केली.

"आता मारा शिट्टी, भाऊजी," त्या म्हणाल्या. "जोरात मारा."