नावाचा कागद

मी एक कागद बोलतोय. ऐकायचं तर नीट ऐका. मध्येच पान उलटायची तुम्हा माणसांची खोड मला चांगली ठाऊक आहे.

मी आधी झाड होतो की चिंधी, ते विचारू नका. आठवत नाही आणि त्याचं मला कौतुकही नाही. आठवतं ते एवढंच, की एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत एका बाईने गठ्ठ्यातून मला उचललं, सगळ्यांच्या वर ठेवलं आणि म्हणाली, "हा कागद नावासाठी. आधी गोष्ट लिहू, नाव मग ठेवू." झालं! माझ्या खालच्या कागदांचं एकेक करून भलं होत गेलं आणि मी तेवढा कोरा राहिलो.

ती बाई म्हणजे ताई. लाँड्री तिची. समोरच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसायचा तो तिचा धाकटा भाऊ. चाळिशी उलटली तरी सगळे त्याला छोट्याच म्हणत. बस डेपोत लाउडस्पीकरवरून गाड्या पुकारणं हे त्याचं काम, आणि घरातही त्याचा आवाज तेवढाच. दोघं मिळून एक साहसकथा लिहीत होते.

गोष्ट अशी. एक बहीण आणि तिचा लहान भाऊ काठाला बांधलेल्या नावेत खेळायला चढतात. दोर सुटतो. पुराचं पाणी नावेला ओढून नेतं, मग अंधारी घळ, भोवरे, चोरांची टोळी आणि शेवटी धबधबा. बहीण वल्हवत राहते आणि भावाला बजावत राहते, "पाय खाली सोडू नकोस."

ही गोष्ट मुळात ताईची. त्यांची आई रात्रपाळीला जायची तेव्हा छोट्या रडून घर डोक्यावर घ्यायचा. मग ताई त्याला खाटेवर बसवायची. खाट म्हणजे नाव, फरशी म्हणजे पाणी. पाय खाली टेकला की बुडालास! कपड्यांवर पाणी शिंपडता शिंपडता ताईने एकदा त्याला विचारलं, "आठवतं का रे?"

"खाट? छे. मला तर धबधबाच आठवतो," छोट्या म्हणाला.

ताईने पुढचा कपडा ओढला. मला मात्र तेव्हापासून हा माणूस आवडेनासा झाला.

चोरांची टोळी आणि धबधबा त्याचाच, हे मी नाइलाजाने मान्य करतो. बरं लिहितो मेला. पण गोष्टीचा जीव ताईचा होता. आयुष्यभर लोकांच्या कपड्यांच्या घड्या घातलेल्या त्या बाईला एकच गोष्ट स्वतःची म्हणून बाहेर पाठवायची होती, आणि तिला स्वतःच्या हाताने नाव द्यायचं होतं. त्यापलीकडे तिने कधी काही मागितलं नाही.

गोष्ट संपली. प्रकाशकाने झेरॉक्स प्रत वाचून आवडल्याचं कळवलं आणि म्हणाला, "आता लवकर नाव द्या. नावाशिवाय मुखपृष्ठ करता येत नाही." तिथून माझे हाल सुरू झाले.

तुम्हा माणसांचं मला काही कळत नाही. कुत्र्याचं पिल्लू घरी आणलं की उंबऱ्यातच त्याला नाव ठेवता. शेजाऱ्यांना तर न विचारताच नावं ठेवता. आणि स्वतःच्या गोष्टीला नाव द्यायची वेळ आली की दातखीळ बसते! येईल त्याला विचारायचं, सगळ्यांचं ऐकायचं, आणि शेवटी जिथे होतो तिथेच. ताईच्या नवऱ्याला विचारलं तर त्याने पेपरातून डोकं वर न काढता सुचवलं, "एक प्रवास." त्यानंतर त्याला कुणी विचारलं नाही.

छोट्याच्या डोक्यात नावांचा नुसता कारखाना. 'सुडाची नदी', 'मृत्यूची घळ', 'रक्ताळलेला धबधबा'. प्रत्येक नाव तो डेपोत पुकारल्यासारखं मोठ्याने म्हणून बघायचा आणि माझ्यावर पेन्सिलीने लिहायचा. ताई खोडायची. तो पुन्हा लिहायचा. रबराने माझी कातडी सोलून निघाली, पण दोघांपैकी एकालाही दया आली नाही.

"अरे, आपल्या गोष्टीत रक्त आहे कुठे?" ताई म्हणाली. "चोराच्या नाकातून आलेलं तेवढंच."

"असेना का! लोकांना रक्त लागतं. नाव बघून पुस्तक उचलतात लोक."

"उचलतील आणि शिव्या देतील."

"मग तू सांग ना एक चांगलं नाव! नुसती नाकं मुरडतेस."

"सुचलं की सांगेन. पण नाव मीच देणार."

एवढ्यावर ठिणगी पडली. छोट्या खुर्चीतून ताडकन उठला. "का? गोष्ट तुझ्या एकटीची आहे? निम्मी मी लिहिलीय! पण पुस्तकातही तूच शहाणी, तूच शूर. आयुष्यभर तू वल्हवणार आणि मी आपला मागे बसून राहणार!"

"मागे बसलास म्हणून तर वाचलास," ताई म्हणाली.

बोलायला नको होतं ते. छोट्याने मला टेबलावरून उचललं, मुठीत चुरगाळलं आणि कोपऱ्यात भिरकावलं. भांडण त्यांचं, माझा काय संबंध? पण राग नेहमी हाताशी असेल त्याच्यावर निघतो. तो दार आपटून गेला आणि मी धुवायच्या चादरींच्या ढिगात पडून राहिलो.

ताईने मला शोधून काढलं. इस्त्री मंद केली, माझ्यावर रुमाल टाकला आणि दोन्ही बाजूंनी हळूहळू मला सरळ केलं. सुरकुत्या राहिल्याच, पण माझी एवढी काळजी त्याआधी कुणी घेतली नव्हती. मग ती बराच वेळ माझ्याकडे बघत बसली. अचानक हसली. कपड्यांवर खुणा करायचं जाड काळं पेन घेतलं आणि माझ्या बरोबर मधोमध एकच शब्द लिहिला.

'नाव'.

खाटेची नाव, दोर सुटलेली नाव. काय सुरेख शब्द होता! मला तर जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. छोट्याच्या हाती द्यायला नको म्हणून तिने सगळं बाड नीट बांधून स्वतःच कुरिअरने पाठवलं. त्याला फोनवर एवढंच सांगितलं, "नाव लिहून पाठवलंय." आणि फोन ठेवला.

आता पुढचं ऐका.

प्रकाशक माणूस वाईट नव्हता, पण घाईचा. त्याने मला उलटसुलट करून पाहिलं. "हे काय? 'नाव' लिहिलंय आणि पुढे काहीच नाही. बाई भरायला विसरल्या की काय?" अहो, ते भरलेलंच आहे, असं मी ओरडून सांगितलं असतं. पण कागदाला तोंड असतं तर जगातले निम्मे घोटाळे झालेच नसते. त्याने फोन केला तो छोट्याला, कारण डेपो त्याच्या ऑफिसला जवळ होता.

छोट्या युनिफॉर्मवरच आला. मला हातात घेतलं. वाचलं. आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू उमटलं, अगदी लहान पोराचं. "पाय खाली सोडू नकोस," तो स्वतःशीच पुटपुटला. त्याला कळलं होतं! मी छातीठोकपणे सांगतो, त्याच्या अंगठ्याखाली मीच होतो. क्षणभर तो मला आवडलासुद्धा.

"राहूनच गेलंय ना?" प्रकाशकाने विचारलं.

छोट्याचं हसू मावळलं. "हो, राहिलंच की. आमची ताई जरा विसरभोळी आहे. द्या इकडे, मीच लिहितो."

"त्यांना एकदा फोन करू का?"

"कशाला? आमचं ठरलंय."

त्याने 'नाव'पुढे एकावर एक दोन टिंबं दिली आणि पुढे ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'रक्ताळलेला धबधबा'. दोन टिंबं, बस! तेवढ्याने एका नावेचं लेबल झालं.

पुस्तक छापून आलं, त्याच्यासोबत बाडही परत आलं. ताईने काउंटरवरच पार्सल फोडलं. मुखपृष्ठावर लालभडक पाणी. चुकून दुसऱ्याचं पार्सल आलं असं तिला वाटलं, मग खाली स्वतःचं नाव दिसलं. तिने मला बाहेर काढलं आणि त्या दोन टिंबांकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "पुस्तक निघालं हे काय कमी आहे?" तिने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. काउंटरची काच उचलून मला तिच्याखाली सरकवलं, अक्षरं गिऱ्हाइकाच्या बाजूने वाचता येतील अशी.

दुसऱ्याच दिवशी छोट्या आला. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात युनिफॉर्मची पिशवी. "बघितलंस का ताई? डेपोत नुसता धुमाकूळ! मी म्हटलं नव्हतं, नावानेच..." आणि त्याची नजर काचेखाली माझ्यावर पडली.

"हे तू लिहिलंस," ताई म्हणाली.

"अगं, मला वाटलं तू लिहायचं विसरलीस. नुसतं 'नाव' होतं, पुढे कोरं. प्रकाशकालाही तसंच वाटलं, विचार त्याला!"

"त्याला वाटलं असेल. तुला?"

"मलाही तेच वाटलं. शपथ!" त्याचा आवाज चढला. "आणि आता राईचा पर्वत कशाला करतेस? पुस्तक निघालं ना? तुझी ती नाव कुणाला कळली असती?"

"ती?" ताईने विचारलं.

छोट्याने हातातलं पुस्तक काउंटरवर ठेवलं. 'ते नाव' म्हणाला असता तर निभावलं असतं. 'ती नाव' म्हणाला आणि स्वतःच्याच जिभेने पकडला गेला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? ताईच्या चेहऱ्यावर मात्र आनंद नव्हता. तिथे काहीच नव्हतं.

त्याने पिशवी पुढे केली. "हे... युनिफॉर्म आणले होते."

त्याच्या कपड्यांची पावती ताईने आजवर कधीच केली नव्हती. भावाची कसली पावती? तिने पावतीपुस्तक पुढे ओढलं, कार्बन सरळ केला आणि पेन टेकवलं.

"नाव?"

छोट्या हसायला गेला. "काय गं ताई..."

"नाव सांगा," ताई म्हणाली. "मागे गिऱ्हाईक थांबलंय."

त्याने नाव सांगितलं. आडनावासकट, अगदी हळू आवाजात. तिने ते लिहिलं, पावती फाडून त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "परवा या."

मी अजून काचेखालीच आहे. ऊन लागून पिवळा पडत चाललोय. माझ्यावर बिलं ठेवतात, चिल्लर मोजतात. दुमडून कुण्या पोराने माझी कागदाची नाव केली असती तरी परवडलं असतं, निदान बुडताना ताईचाच शब्द अंगावर राहिला असता. छोट्या हल्ली दुसऱ्या लाँड्रीत जातो म्हणे.

तुमच्या हाती ते पुस्तक पडलं तर जरूर वाचा, गोष्ट खरंच चांगली आहे. फक्त या काउंटरपाशी उभे राहिलात तर माझ्यासमोर त्याचं नाव काढू नका.