आवारातलं मत

हेस्टरने इतका करकचून ब्रेक लावला की मागच्या सीटवरचा प्राणवायूचा सिलिंडर घरंगळत येऊन तिच्या सीटवर मागून आदळला.

"हळू गं," शेजारी बसलेले तिचे वडील मास्क जरा बाजूला करून म्हणाले. "मला जिवंत पोहोचायचंय. मेलेल्याचं मत धरत नाहीत."

"जिवंतांचं तरी कुठे धरलं तुम्ही लोकांनी?"

सिरिल क्रॅबट्री यांनी मास्क पुन्हा तोंडावर ओढला. फाटकावरच्या पोलिसाने वाकून आधी त्यांच्याकडे, मग मागच्या सिलिंडरकडे पाहिलं आणि गाडी पार्लमेंटच्या आवारात सोडली.

ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडणार, तो खरं तर आजचाच दिवस. त्यांच्या गावी, स्केलथॉर्पमध्ये लोकांनी बिअरची पिंपंसुद्धा सांगून ठेवली होती. पण सभागृह तीन महिने प्रत्येक गोष्टीला नुसतं नाही म्हणत होतं. बाहेर पडण्याच्या कराराला नाही, कराराशिवाय जायला नाही, लोकांना पुन्हा विचारायलाही नाही. आज तोच करार तिसऱ्यांदा मतदानाला यायचा होता. आणि त्यासाठी फुप्फुसात खाणीची धूळ साठलेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्या खासदाराला पक्षाने इस्पितळातून उठवून यायला लावलं होतं.

हेस्टरचं गावात मटणाचं दुकान होतं. दुकानाच्या पाटीवर आडनाव क्रॅबट्री. मागच्या महिन्यात कुणीतरी शटरवर लाल रंगाने 'गद्दार' लिहून गेलं. तिने स्वतः ते घासून काढलं. घासताना राग त्या शब्दाचा नव्हता, लिहिणाऱ्याचं आपल्याला निम्मं पटतंय याचा होता. तीन वर्षांपूर्वीच्या सार्वमतात तिनेही बाहेर पडण्याच्याच बाजूने मत दिलं होतं.

सकाळी निघाल्यापासून दोघांची जुंपली होती.

"या कराराने गावाचं वाटोळं होईल, हेस्टर. मी विरोधातच मत देणार."

"गावाला विचारलंत, गावाने सांगितलं. आता वाटोळं झालं तर आमचं आम्ही बघू. जन्मभर कामगारांचं ऐका म्हणून घसा फोडलात ना? कामगार बोलले, तर म्हणे त्यांना काही कळत नाही!"

"मी असं कधी म्हणालो?"

"म्हणायला कशाला लागतं? तुमच्या तोंडावर दिसतं."

त्यानंतर लंडन येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. ते थकलेत, असं तिला वाटलं.

आजारी सभासदाला वर सभागृहात जावं लागत नाही. तो आवारात पोहोचला की दोन्ही पक्षांचा एकेक प्रतोद खाली येतो, माणूस जिवंत असल्याची खात्री करतो आणि त्याचं मत नोंदवतो. तसे दोघे आले. डॉनेली वडिलांच्या पक्षाचा, जाडजूड, घामाघूम. दुसरा ऑबरी, सरकारी पक्षाचा, चकचकीत बुटांचा. त्याने खिडकीतून डोकावून पाहिलं.

"श्वास चालू आहे ना? छान, छान."

हेस्टरच्या हाताला दुकानातला सुरा आठवला.

"सिरिल, विरोधातच ना?" डॉनेलीने घाईने विचारलं.

सिरिल यांनी बोलायचा प्रयत्न केला आणि खोकल्याची उबळ आली. डोळ्यांत पाणी, ओठ निळे. हेस्टरने मास्क घट्ट धरला. त्या मास्कमागून त्यांनी डोकं डावीकडून उजवीकडे, सावकाश हलवलं.

"झालं. विरोधात," डॉनेली म्हणाला.

"थांबा, थांबा," ऑबरी हसला. "तुम्ही विचारलंत विरोधात ना, आणि ते नाही म्हणाले. म्हणजे आमच्या बाजूने."

"अक्कल गहाण टाकलीय का? नाही म्हणजे कराराला नाही!"

"तुमचा प्रश्नच चुकला. पुन्हा विचारा."

"त्याला बोलता येतंय का, बघा तरी!"

बाजारात मेंढीवरून हुज्जत घालावी तसे दोघे खिडकीशी हुज्जत घालू लागले. मेंढीचा श्वास चालतोय की नाही, याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. शेवटी दोघांनी एकदमच हेस्टरकडे पाहिलं.

"बाई, तुम्हीच सांगा. काय म्हणायचंय त्यांना?"

तीन वर्षं गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलेलं सगळं तिच्या जिभेवर आलं. एक शब्द पुरला असता. कुणाला कळलंही नसतं. वडिलांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. तो थंडगार होता. तिने तो घट्ट धरला.

"विरोधात," ती म्हणाली. "वाटेत सांगितलंय त्यांनी मला. माझं मत विचाराल तर तुम्ही सगळेच्या सगळे नदीत बुडवायच्या लायकीचे आहात. पण हे त्यांचं मत आहे. विरोधात. आता गाडीपासून दूर व्हा."

थोड्याच वेळात हेस्टरच्या फोनवर डॉनेलीचा संदेश आला. करार पन्नासहून अधिक मतांनी पडला होता. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. संदेशाच्या शेवटी त्याने विचारलं होतं, सोमवारी पुन्हा मतदान, सिरिलना आणता येईल ना?

तिने फोन पायाशी फेकला आणि गाडी बाहेर काढली. बाहेर चौकात एका बाजूला युरोपचे निळे झेंडे, दुसऱ्या बाजूला ब्रिटनचे लाल-पांढरे-निळे, मधे अडकलेल्या गाड्यांची रांग.

सिरिल यांचा श्वास आता जागेवर आला होता. त्यांनी मास्क काढला.

"मी डॉनेलीलाच नाही म्हणत होतो."

"म्हणजे?"

"विरोधात ना, म्हणाला. मी म्हटलं, नाही." ते झेंड्यांकडे बघत होते. "तू वाटेत जे बोललीस, ते काही अगदीच खोटं नव्हतं."

गाड्या हलत नव्हत्या. हेस्टर त्यांच्याकडे वळली.

"मग नंतर का नाही बोललात? हात धरून गप्प बसलात! त्या दोघांदेखत सांगायचं होतंत, ही चुकतेय म्हणून!"

"तीन वर्षांत पहिल्यांदा तू माझ्या बाजूने बोललीस," सिरिल म्हणाले. "त्यावर मी कशाला तोंड उघडू?"

हेस्टरने तळहात हॉर्नवर ठेवला आणि सगळा जोर लावून दाबून धरला. ती सोडेचना. चौकातल्या लोकांनी वळून पाहिलं. निळे झेंडेवाले खूश होऊन ओरडले, समोरच्यांनीही टाळ्या पिटल्या. दोन्हीकडच्यांना वाटलं, बाई आपल्या बाजूची आहे.