मामींच्या गाडीचं गळणं

अहो, असे मागे काय बसलात? पुढे या, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसा. आज एका गाडीची गोष्ट सांगते. गाडीची म्हटलं म्हणून नाक मुरडू नका. देवाला गाभाराच लागतो असं कुठंय? त्याला बॉनेटखालीही जागा पुरते.

आमच्या गल्लीच्या टोकाला मामा-मामी राहतात. साऱ्या गल्लीचेच मामा-मामी. मामांची नजर गेली. आता उजेड आणि अंधार तेवढा कळतो. तेव्हा मामींनी उतारवयात गाडी शिकून घेतली. रोज संध्याकाळी मामांना शेजारी बसवून त्या तळ्यापर्यंत जातात आणि वाटभर बोलत राहतात. "डावीकडे पिवळं घर. गच्चीत एक बाई केस वाळवतेय. आता पूल आला... अहो, एक बदक त्या पोलिसाच्या मागे लागलंय!" मामा खदखदून हसतात. त्या फेरीपुरती त्यांना दृष्टी येते म्हणा ना. बसमध्ये हे जमत नाही. चार लोकांत मामींचा शब्द ओठांबाहेर पडत नाही.

आणि तीच गाडी गळू लागली. उभी करावी तिथे लालसर तेल. हे गिअरबॉक्सचं तेल. मामींच्या ऑटोमॅटिक गाडीत गिअर आपोआप बदलतात ते त्याच्याच जिवावर. एके दिवशी ते तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर सांडलं आणि भर रस्त्यात बॉनेटमधून धूर निघाला. बातमी परगावच्या लेकीपर्यंत गेली. लेक घाबरली, आणि ती भीती फोनवर रागाच्या रूपाने बाहेर पडली.

"आई, रविवारी येतेय मी. गाडीखाली एक थेंब दिसला, तरी गाडी विकून टाकायची. बाबांना घेऊन पेटत्या गाडीत बसणार आहेस का तू?"

मामींनी शनिवारी सकाळीच कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला बोलावलं. तोंडाने फटकळ, मनाने लोणी. त्याने बॉनेट उघडलं आणि कपाळावर हात मारला.

"मामी, हे इंजिन आहे की करपलेली कढई? सगळीकडे तेल न् धूळ. यात गळती कुठे शोधू? आधी हिला आंघोळ घाला, मग नाडी बघतो."

इंजिन गारच होतं. मिस्त्रीने बॅटरीची तार सोडवली. फ्यूजचा डबा, हवा आत जाते ते तोंड, सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधलं. चिकटा सुटायचं औषध फवारलं. मामींनी दात घासायचा जुना ब्रश हाती घेतला.

"मलाही द्या की काहीतरी," मामा म्हणाले.

"अहो, तुम्हाला मळ दिसणार आहे का?"

"मळ दिसायला कशाला हवा? हाताला लागतोच की!"

मग दोघं दोन बाजूंनी घासू लागले, आणि मामांनी सूर लावला. मामींनी साथ धरली. मिस्त्री मध्येच ओरडला, "मामा, ताल चुकला तरी चालेल, ती तार ओढू नका!" शेवटी पाण्याचा हलका हात फिरवला, फडक्याने कानाकोपरा कोरडा केला. आतला धातू असा चमकू लागला, जणू पूजेची भांडी नुकतीच घासून ठेवलीत.

मिस्त्रीने पिशव्या सोडल्या, तार पुन्हा जोडली आणि गाडी गल्लीतून फिरवून तापवून आणली. इंजिन चालू ठेवूनच त्याने तेल मोजायची पट्टी बाहेर काढली. बघितली. पुसली, पुन्हा घातली, पुन्हा बघितली.

"मामी, ही गाडी गळतेय ना?"

"तर! रोज."

"मग तेल खुणेच्या एवढं वर कसं? कमी असायला हवं!"

मामींनी हात जोडले. "अक्षयपात्र झालं की काय रे?"

"अक्षयपात्रातून धूर निघत नाही, मामी. तेल कोण घालतं?"

"मी," मामा आणि मामी एकदमच म्हणाले.

मग दोघं एकमेकांकडे वळले.

"तुम्ही?"

"तू?"

झालं होतं असं. मामांना काळजी नको म्हणून ते आंघोळीला गेले की मामी गुपचूप तेल ओतायच्या. पण चपलेला तेल चिकटल्यावर मामांनाही कळलं होतं; मामी बाजारात गेल्या की ते चाचपडत नरसाळं लावून ओतायचे. किती गळतंय हे कळलं तर ही घाबरून गाडीच काढायची नाही, अशी त्यांना भीती. तिची बाटली साबणाच्या डब्यामागे, त्यांची हार्मोनियमच्या पेटीत!

"तरीच म्हटलं, पेटीला कसला वास येतो!" मामी म्हणाल्या.

"आणि मी म्हणत होतो, हिने नवीन अत्तर आणलंय की काय!"

मिस्त्री हसता हसता पायरीवरच बसला. "अहो, तेल जास्त झालं की आत घुसळून फेस होतो, आणि वर हवेसाठी छिद्र असतं त्यातून उतू जातं. दुधासारखं. ते उतू गेलं की तुम्ही दोघं पुन्हा ओतता! पण मुळात गळायला लागलं कुठून?"

इंजिन बंद करून, जरा निवू देऊन मिस्त्रीने मामांचा हात धरला आणि तेल थंड करायला नेणाऱ्या रबरी नळीवर ठेवला. बाकी सगळं आता कोरडं ठणठणीत होतं. मामांची बोटं हळूहळू सरकत गेली आणि एका जोडावर थांबली.

"इथे. ओलं आहे. आणि नळी आवळणारी ही पकडसुद्धा सैल फिरतेय."

"बरोब्बर!"

नळीचं कडक झालेलं टोक मिस्त्रीने कापलं, नवी पकड आवळली. जास्तीचं तेल मोठ्या पिचकारीने ओढून काढलं. इंजिन पुन्हा चालू करून मामी पट्टी बघत राहिल्या. "अजून काढ... अजून थोडं... बस!" रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरून ठेवला. त्या रात्री दोघांना झोप लागली असेल असं मला वाटत नाही.

रविवारी लेक आली. पिशवीसुद्धा खाली न ठेवता चांगल्या कपड्यांतच गाडीखाली वाकली. मामींनी मामांचा दंड घट्ट धरला.

"अगं, बोल की काहीतरी," मामा म्हणाले.

"कोरडा आहे, बाबा. अगदी कोरडा." ती उठली, बॉनेट उघडून बघतच राहिली. "झालं तरी काय होतं?"

मिस्त्री मुद्दाम येऊन उभाच होता. "काही नाही हो ताई. एक पकड सैल झालेली."

त्याने झाकलं होतं, पण मामांच्या पोटात राहतंय थोडंच! त्यांनी बाटल्यांसकट सगळं सांगून टाकलं. लेक आधी हसली, मग डोळे पुसत हसली.

"दोन्ही बाटल्या आणा इकडे. एक मी घेऊन जाणार. दुसरी इथे राहील, पण आई पट्टी बघेल आणि मगच बाबा ओततील. एकट्याने कुणी हात लावायचा नाही."

"आणि गाडी?" मामींनी विचारलं.

"गाडी कशाला विकायची? चल, काढ. मी मागे बसते."

तळ्याच्या वाटेवर मामी रोजच्यासारख्या बोलत होत्या. मागच्या सीटवर लेकीने डोळे मिटून घेतले होते, आणि ती नुसती ऐकत होती.

तर बाबांनो, उद्या कुठे जाताना खिडकीबाहेर काही देखणं दिसलं, तर क्षणभर आमच्या मामांची आठवण काढा.