चुकून पडलेली मतं

चिटणीसाने बशीतली बिस्किटं टेबलावर ओतली आणि पत्ते लावावेत तशी ती दोन रांगांत मांडायला घेतली. दादाच्या नावाची रांग टेबलाच्या कडेला जाऊन टेकली. दुसऱ्या रांगेत सातच बिस्किटं बसली.

"एक बिस्किट म्हणजे वीस मतं," तो म्हणाला. "आकडे जरा बाजूला ठेवा. नुसतं डोळ्यांनी बघा आणि सांगा, ह्याला काय म्हणायचं?"

"पुडा वाया घालवणं," ती म्हणाली.

आत वहिनी खुदकन हसली. दादा हसला नाही. आपल्या थोरल्या भावाला आपल्या विनोदावर कधी हसू येत नाही हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं, म्हणून तर ती ते करायची. तिच्या शेजारी नवरा बसला होता. गुडघे जुळवून, दोन्ही हातांत कप धरून, दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसलेल्या माणसासारखा.

दादा बस डेपोच्या युनियनचा अध्यक्ष. तीन वेळा बिनविरोध निवडून आलेला. ह्या वर्षी पगारवाढीच्या बोलण्यांत मॅनेजर हसत हसत म्हणाला होता, "बिनविरोध म्हणजे काय हो, ती खुर्ची दुसऱ्या कुणाला नको असेल." एवढं वाक्य दादाच्या जिव्हारी लागलं. महिनाभर त्याला अन्न गोड लागेना. शेवटी त्याने ठरवलं की आपल्याला विरोधक पाहिजे, आणि विरोधकापेक्षाही मताधिक्य पाहिजे. चांगलं पाचशेचं. मॅनेजरच्या टेबलावर आपटता येईल असं.

खरा विरोधक उभा करण्यात जोखीम होती. मग घरचाच शोधला. बहिणीचा नवरा त्याच डेपोत बसच्या सीटच्या गाद्या शिवायच्या खात्यात होता. बोलणं कमी, शत्रू कुणी नाही, मित्रही म्हणावेत असे कुणी नाहीत. दादा त्याला दाजी म्हणायचा म्हणून अख्खा डेपो दाजी म्हणायचा. कुणाचा तरी मेव्हणा ह्यापलीकडे त्यांना ओळख नव्हती. बुजगावण्याला काय, हात पसरून उभं राहायचं. दाजी "बघतो" म्हणाले आणि अर्ज दादानेच भरला.

निकाल शनिवारी लागला. दादाला चारशे नऊ. दाजींना एकशे एक्केचाळीस.

"दोनशे अडुसष्टची आघाडी!" चिटणीस म्हणाला. "जवळजवळ तिप्पट मतं. इतिहासात असं झालेलं नाही."

"इतिहासात निवडणूकच झाली नव्हती," ती म्हणाली.

डेपोत बसचे पास देण्याच्या खिडकीवर ती बसायची. दिवसभर काचेतल्या भोकातून माणसांची तोंडं बघून मनुष्यजातीविषयी तिचं मत फारसं चांगलं राहिलेलं नव्हतं. चिटणीसाविषयी तर मुळीच नाही. दादा शिंकला तर हा छत्री उघडेल, हे ती त्याच्या तोंडावर सांगायची. दादाविषयी तिला वाटायचं की एवढ्या मोठ्या अंगात देवाने आरसाच तेवढा बसवला आहे. आणि नवऱ्याविषयी तिला काही वाटायचंच बंद झालं होतं. लग्नाला वीसेक वर्षं होत आली, त्यांत तिने "बघतो" हा शब्द जितका ऐकला तितकं स्वतःचं नावही ऐकलं नसेल. पंखा बिघडला, बघतो. शेजारी भांडायला आले, बघतो. माणूस आहे की खिडकी, असं ती एकदा त्यांना म्हणाली होती. त्यावर ते थोडं हसले होते.

"प्रश्न मताधिक्याचा नाही," दादा म्हणाला. "प्रश्न ह्या सात बिस्किटांचा आहे. ही आली कुठून?"

चिटणीसाकडे उत्तर तयार होतं. यादीत दाजींचं नाव वर होतं. आळशी लोक पहिल्याच नावावर शिक्का मारतात, त्यांची पन्नास. मतदान झालं त्या कँटीनच्या कोपऱ्यात उजेड कमी, चष्मेवाल्यांची चाळीस. आणि गंमत म्हणून देणारे टवाळ, ते धरा साठ.

"दीडशे झाली," ती म्हणाली. "वरची नऊ कुणी चोरली?"

चिटणीस बोटांवर पुन्हा मोजू लागला. तेवढ्यात दाजींनी हात लांब करून आपल्या रांगेतलं शेवटचं बिस्किट उचललं आणि चहात बुडवलं.

"दाजी! आपण ते मोजतोय!"

दाजी दचकले. अर्धं भिजलेलं बिस्किट त्यांनी परत रांगेत ठेवायचा प्रयत्न केला, ते मोडलं आणि टेबलावर चिखल झाला. तिने मान वळवून भिंतीकडे बघितलं. ह्या माणसाला एकशे एक्केचाळीस लोकांनी मत दिलं. लोकांची काय अक्कल चरायला गेली होती?

"एक खरं सांगा," दादा पुढे झुकला. "कुणाशी काही बोललात?"

"नाही."

"कुणाला चहा पाजलात?"

"नाही हो. मी स्वतः तुम्हालाच दिलं मत."

"ते तर द्यायलाच पाहिजे होतं," दादा म्हणाला आणि उठून येरझारा घालू लागला. "दर चौथा माणूस! उद्या मी डेपोत शिरलो की माझ्या डोक्यात तेच चालणार. एक, दोन, तीन, हा. एक, दोन, तीन, हा. मॅनेजर काय म्हणेल? गाद्या शिवणाऱ्याने एक शब्द न बोलता पाव डेपो नेला म्हणेल."

चारशे नऊ माणसांनी होय म्हटलेलं ह्याच्या कानांत शिरत नव्हतं. तिला भावाची कीव आली असती, पण तो इतका फुगलेला होता की कीव करायला जागा सापडेना.

"उद्या गेट मीटिंग आहे," दादा म्हणाला. "तिथे दाजी, तुम्ही दोन शब्द बोलायचे. म्हणायचं, माझी उमेदवारी नावापुरती होती, मला पडलेली मतं चुकून पडली, अध्यक्षांची निवड एकमताने झाली असंच सगळ्यांनी समजावं. विषय संपला."

"वा!" चिटणीस म्हणाला. "तशीच नोंद करून टाकू."

दाजींनी कप खाली ठेवला आणि बायकोकडे बघितलं. क्वचितच ते असं सरळ बघत.

"बोला की," ती म्हणाली. "दोन वाक्यं तर आहेत. तुमचं काय जातंय?"

दाजींनी नजर कपाकडे वळवली. मग म्हणाले, "बघतो."

थांब्यावर जाताना ती दोन पावलं पुढे होती, नेहमीसारखी. ऊन उतरलं होतं आणि रस्त्यावर रविवारची सुस्ती होती. दाजी मागून म्हणाले,

"मला एक मत पडेल असं वाटलं होतं."

"काय?"

"एक. दादांना मी आधीच सांगितलं होतं, एकापेक्षा जास्त काही पडणार नाही म्हणून."

"कुणाचं?" तिने विचारलं.

दाजी हसले. इतका सोपा प्रश्न कुणी विचारतं का, असं ते हसणं होतं.

"कुणाचं काय? तुझं."

ती थांबली नाही. चालत राहिली, म्हणून तिचा चेहरा त्यांना दिसला नाही.

"बाकीची कुणाची, ते मात्र मला खरंच कळत नाही," दाजी मागून म्हणत होते. "रात्री विचार करत होतो. एवढी माणसं मला ओळखतात तरी का?"

कँटीनच्या कोपऱ्यातला पडदा तिला आठवला. शिक्का हातात घेतला तेव्हा तिच्या डोक्यात गॅसचा सिलिंडर होता. बाहेर पडताना चपला पायांत सरकवाव्या तसा तिने दादाच्या नावापुढे शिक्का मारला होता. वरचं नाव आपल्या नवऱ्याचं आहे हे तिने वाचलं होतं, तरी तिथे शिक्का मारता येतो हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

आता काहीतरी लागेल असं बोलावं आणि विषय तोडावा असं तिला वाटलं. शब्दांची तिला आयुष्यात कधी टंचाई पडली नव्हती. पण थांबा आला, बस आली, दाजींनी तिच्यासाठी खिडकीची जागा धरली, तरी तिच्या तोंडातून काही निघालं नाही.

सोमवारी सकाळी गर्दी ओसरल्यावर तिने शेजारच्या खिडकीवरच्या बाईला विचारलं,

"तू कुणाला दिलंस गं?"

"दाजींना," ती बाई नोटा सरळ करत म्हणाली.

"का?" तिचा आवाज तिलाच नको इतका उत्सुक वाटला. दाजींविषयी काहीतरी चांगलं ऐकायला मिळेल, आपल्याला न दिसलेलं लोकांना दिसलं असेल, अशी आशा तिला कालपासून लागून राहिली होती.

"का म्हणजे? तुझ्या भावाला दिलं नाही, एवढंच. माझ्या बदलीच्या वेळी तीन महिने दारात ताटकळत ठेवलं मला. नंतर म्हणाला, तुमचा अर्ज कुठला? दाजींच्या जागी विजेचा खांब उभा असता ना, तरी खांबाला दिलं असतं. रागावलीस?"

"नाही."

"चांगले आहेत हो दाजी. म्हणजे असतील. मी कधी बोलले नाही त्यांच्याशी."

थोड्या वेळाने एक जुना ड्रायव्हर बायकोचा पास काढायला आला. त्यालाही तिने विचारलं. त्याने आजूबाजूला बघून घेतलं आणि भोकाशी तोंड आणून सांगितलं की त्याचंही तसंच. त्याच्या ओळखीतल्या सगळ्यांचंच तसं.

तिने पासवर शिक्का मारला. दादा उगाच टेबलाभोवती फिरत होता आणि चिटणीस उगाच बिस्किटं मांडत होता. ती सात बिस्किटंही दादाचीच होती, फक्त उलटी ठेवलेली. त्यांत दाजींचं एकही नव्हतं. दाजींचं म्हणता येईल असं ह्या डेपोत एकच मत होतं, आणि ते तिने सिलिंडरचा विचार करता करता दादाला देऊन टाकलं होतं.

दुपारी पाळी बदलताना सगळे फाटकाशी जमले. जुन्या टायरांवर फळ्या टाकून व्यासपीठ केलं होतं. दादा हार घालून बसला होता. चिटणीसाने भाषण केलं, त्यात "प्रचंड" हा शब्द इतक्या वेळा आला की मागच्या कंडक्टर मुली तो आधीच पुटपुटू लागल्या. मग दाजींना वर बोलावलं. ते चढले तेव्हा फळी कुरकुरली. शर्टाला गादीतला कापूस चिकटला होता. सकाळी निघताना तो झटकायला सांगावं एवढंही आपण त्यांच्याकडे बघत नाही, हे तिच्या लक्षात आलं.

"दादांचं म्हणणं आहे," दाजी म्हणाले, "की मला पडलेली मतं चुकून पडली."

दादाने मान डोलावली.

"मला त्यातलं काही माहीत नाही. तर ज्यांचं मत चुकून पडलं असेल त्यांनी हात वर करावा. म्हणजे तेवढी दादांकडे वळती करता येतील."

चिटणीस ताडकन उठला. "दाजी, मतदान गुप्त असतं!" काल कुणाचं मत का पडलं ते बोटांवर मोजणारा माणूस आज हे सांगत होता.

दाजी समोरच्या माणसांवरून नजर फिरवत उभे होते. हे भोळेपण होतं की कावा, तिला सांगता येईना. इतकी वर्षं एका छपराखाली काढून तिला ते सांगता येत नव्हतं, कारण तिने कधी बघितलंच नव्हतं. समोर एकही हात वर झाला नाही. कुणी आभाळाकडे बघत होतं, कुणी बुटांकडे. शेजारच्या खिडकीवरच्या बाईने दोन्ही हात काखेत घट्ट धरले होते. घरी चहाला उशीर झाला की दाजी जसे वाट बघत, कुरकुर न करता, तसे ते वाट बघत होते.

"बरं, बसा आता," दादा दातांखालून म्हणाला.

तेव्हा तिने हात वर केला.

दादाचा चेहरा उजळला. "हे बघा!" चिटणीस ओरडला. "घरातूनच सुरुवात झाली!" मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. दाजींनी तिच्याकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घेतली.

"बोल, तायडे," दादा म्हणाला. "मोठ्याने सांग सगळ्यांना."

"माझं चुकलं," ती म्हणाली. रांगेच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा तिचा खिडकीतला आवाज होता. "मी दादाला दिलं."

दादाचा हात गळ्यातल्या हाराशी गेला आणि तिथेच राहिला. दाजींनी मान वर केली. तिने दिलं नव्हतं, हे त्यांना आता सगळ्या डेपोबरोबर कळलं होतं. ते तिच्याकडे बघत राहिले आणि ह्या वेळी तिने मान वळवली नाही.

"असू दे," दाजी म्हणाले, घरात बोलतात तेवढ्याच आवाजात. "हात खाली कर आता. दुखेल."

तिने तो खाली केला नाही.