भावंडांचा फॉर्म

माझ्या धाकट्या भावाला नाक आहे, असं आमचे मालक येईल त्याला सांगतात. जणू बाकीच्यांच्या तोंडावर नुसती भोकंच आहेत.

आम्ही दोघंही चहाचे टेस्टर. लांबलचक टेबलावर पांढरे कप ओळीने मांडलेले असतात, प्रत्येक कपात वेगळ्या लॉटचा चहा. चमचाभर घ्यायचा, मोठ्ठा भुरका मारायचा, तोंडात घोळवायचा, त्याचा वास घशातून मागून नाकात चढू द्यायचा आणि थुंकून पुढच्या कपाकडे वळायचं. दिवसाला दोनशे कप. लोकांना वाटतं हे जिभेचं काम आहे. जिभेला कडू-तुरट तेवढं कळतं, खरं काम नाकाचं. धाकट्याला हे मीच शिकवलं, नोकरीला मीच लावलं. चमचा कसा धरायचा इथपासून. आणि दोन वर्षांत लोक मलाच विचारायला लागले, "तुमच्या भावाला विचारून घेऊ का एकदा?"

तरी खुर्ची माझी होती. उत्तरेच्या खिडकीशी, जिथे उजेड दिवसभर सारखा राहतो आणि चहाचा रंग खरा दिसतो. मुख्य टेस्टरची खुर्ची. सतरा वर्षं मी तिच्यावर बसलो.

मग माझी डावी नाकपुडी चोंदली. आधी सर्दी म्हणून काढली, मग ॲलर्जी म्हणून. आमच्या धंद्यात नाक बिघडलंय असं कोणी बोलत नाही. गवयाने घसा बसल्याचं सांगण्यातली गत. महिनाभर मी उजव्या नाकपुडीवर निभावून नेलं, मग डावा कान बधिर झाला, मग मानेत गाठ आली. नाकाच्या मागे, घशाच्या वर, जिथे सहसा कोणाचं लक्ष जात नाही अशा जागी कॅन्सर निघाला. तिसरी स्टेज. तेहतीस वेळा मशीनखाली झोपलो, सुया घेतल्या. गाठ गेली, तिच्याबरोबर लाळही गेली आणि चव-वासही. माझ्या तोंडचं पाणी पळालं ते असं, अगदी शब्दशः. आता खिशात पाण्याची बाटली घेऊन फिरतो आणि दर दोन वाक्यांनी घोट घेतो.

मालकांनी खुर्ची धाकट्याला दिली. "तात्पुरती," म्हणाले. मला टेबलाच्या शेवटी बसवलं, रजिस्टर घेऊन. तो चव सांगणार, मी लिहिणार.

उपचार संपून तीन महिने झाले तेव्हाच्या तपासणीला हॉस्पिटलातल्या संशोधनाचं काम बघणाऱ्या सिस्टरनी मला बाजूला घेतलं. बुटक्या, चटपटीत बाई, गळ्यात ओळखपत्राबरोबर तीन पेनं लटकवलेली. म्हणाल्या, "हा आजार कधीकधी एकाच घरात दोघांना होतो. आमचा एक अभ्यास चाललाय, पेशंटच्या सख्ख्या भावंडांचा. सगळ्यांचं रक्त तपासतो आणि दुर्बिणीने बघतो. त्यातल्या निम्म्यांचा एमआरआयसुद्धा करतो. कोणाचा करायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. दुर्बिणीला दिसत नाही अशी बारीक गाठ एमआरआयमध्ये आधी दिसते का, ते बघायचंय."

"मग करा की."

"तुमची सही लागते. पेशंटने लेखी परवानगी दिल्याशिवाय आम्ही नातेवाइकांना बोलवू शकत नाही. तुमची फाइल त्यांच्या फाइलला जोडावी लागते ना. किती भावंडं?"

"एक," मी म्हटलं. "विचार करून सांगतो."

"यात विचार काय करायचा?" सिस्टर हसत म्हणाल्या आणि फॉर्म माझ्या हातात दिला.

घरी येऊन तो मी कपाटात स्वेटरांच्या खाली सरकवला.

खोटं कशाला बोलू? विसरलो नव्हतो. मला सही करायची नव्हती. आजार मी भोगला. भाजलेल्या घशातून पाणी गिळताना रडलो मी. आणि त्या सगळ्याचं फळ काय, तर धाकट्याची फुकटात, आधीच, आरामात तपासणी. खुर्ची घेतली, आता माझ्या आजारातूनही त्याचंच भलं व्हावं? त्याला काही होणार नाही याची मला खात्री होती. त्याला कधी काही होत नाही. लहानपणी आम्हाला दोघांना गोवर आला, मला एकवीस दिवस, त्याला चार.

सिस्टरचा दर महिन्याला फोन यायचा. "फॉर्मचं काय झालं?" मी म्हणायचो, "भाऊ गावाला गेलाय." एकदा म्हटलं, "त्याला सुईची भीती वाटते." असल्या थापा मारताना मला मजा यायची, हेही सांगून टाकतो.

इकडे खुर्ची त्याच्या डोक्यात चढत चालली होती. निदान मला तसं दिसत होतं. आधी मी काही बोललो की तो लगेच "हो दादा" म्हणायचा. आता दोन-दोनदा हाक मारावी लागायची. मी त्याच्या डाव्या हाताला बसायचो, तर साहेब तिकडे बघतच नसत. "साहेब झाल्यापासून ऐकू येईनासं झालंय," मी पॅकिंगच्या सुपरवायझरला म्हणालो आणि आम्ही दोघं हसलो. शिवाय त्याने नवीनच एक अदा काढली होती. कप सरळ नाकाखाली न धरता मान वाकडी करून उजवीकडे न्यायचा. मोठ्या टेस्टरची लकब! शिकाऊ मुली त्याची नक्कल करायला लागल्या. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सतरा वर्षांत माझी कोणी नक्कल केली नव्हती.

असे चार महिने गेले. मग एका सोमवारी गोदामात मला एक पोतं दिसलं. भिंतीकडच्या बाजूला ओल आलेली, कापडावर पिवळा डाग. आत हात घातला, पानं किंचित दमट. वास मला येणार नव्हता, पण इतक्या वर्षांच्या अनुभवाने मी सांगू शकत होतो की हा माल कुबट झालाय. नवखासुद्धा तोंड वेडंवाकडं करील असा.

नियमाप्रमाणे मी ते पोतं बाजूला काढायला हवं होतं. मी त्यातला मूठभर चहा घेतला आणि दुपारच्या ओळीत सातव्या कपात घालायला लावला.

धाकटा ओळीने आला. पाचवा, सहावा. सातव्या कपावर मान वाकडी केली, भुरका मारला, घोळवला, थुंकला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "जरा हलका. मिश्रणात चालेल."

मी रजिस्टरात जसंच्या तसं लिहिलं, शब्द ना शब्द. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. ज्याला नाक आहे, तो कुबट चहा गिऱ्हाइकाला पाजायला निघालाय! मालकांना कधी सांगायचं, कोणाकोणाच्या देखत सांगायचं, हे मी घरी जाईपर्यंत ठरवत होतो.

घरी पोचल्या पोचल्या बायकोला सांगितलं. अगदी रंगवून, मान वाकडी करून, भुरका मारून. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हसली नाही.

"भावजींना कुबट वास आला नाही?" तिने विचारलं.

"अजिबात नाही! सातव्या कपात आख्खं ओलं गोदाम होतं!"

"तुमचंही असंच सुरू झालं होतं ना?"

मी वाकडी केलेली मान सरळ केली.

"त्या दिवशी फोनवर मी बोलतेय तर दोनदा म्हणाले, वहिनी, थांबा, कान बदलतो. मला वाटलं, फोन खराब आहे." तिने हातातला शर्ट खाली ठेवला. "कोणत्या बाजूला मान वाकडी करतात?"

उजवीकडे. तो कप उजव्या नाकपुडीशी न्यायचा, कारण डावी चालत नव्हती. मी डावीकडे बसायचो आणि त्याला ऐकू यायचं नाही. ज्याला स्वतःला हेच सगळं होऊन गेलं होतं, तो मी चार महिने समोर बसून ते बघत होतो आणि त्याला माज म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटल उघडायच्या आधी मी फॉर्म घेऊन दारात उभा होतो. सिस्टरनी तारीख बघितली, माझ्याकडे बघितलं आणि गळ्यातलं एक पेन काढून दिलं. मी तिथेच उभ्याने सही केली.

पुढचं भराभर झालं. कॉम्प्युटरने धाकट्याला एमआरआयच्या गटात टाकलं. आणि लाज वाटते, पण तेव्हाही माझ्या मनात पहिलं हेच आलं की कॉम्प्युटरसुद्धा त्याच्याच बाजूचा. रक्तात काही निघालं नाही. दुर्बिणीतून सगळं साफ दिसलं. एमआरआयमध्ये मात्र आतल्या अस्तराखाली, डावीकडे गाठ दिसली. त्या जागचा तुकडा तपासला आणि नाव तेच निघालं.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून पडद्यावर चित्र दाखवलं. करड्या रंगात करडा ठिपका, त्यांनी बोट ठेवून दाखवेपर्यंत मला दिसलाच नाही.

"नाक कधीपासून चोंदलंय?"

"पाच महिने झाले असतील," धाकटा म्हणाला. "कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी दुर्बिणीने बघितलं, काही नाही म्हणाले, थेंब दिले."

"दुर्बिणीतून हे दिसणारच नव्हतं. आता, मानेत डाव्या बाजूला एक छोटी गाठ आहे. म्हणजे किरणांबरोबर औषधंही द्यावी लागतील."

"ती गाठ," मी मध्येच विचारलं, आणि घोटभर पाणी प्यायलो, "चार महिन्यांपूर्वी होती का?"

"ते आता कोणीच सांगू शकणार नाही. असेल, नसेल." त्या धाकट्याकडे वळल्या. "बरे व्हायची शक्यता चांगली आहे. आणि चित्र इतकं नेमकं आहे की उजवी बाजू आम्हाला बरीच वाचवता येईल. उजवीकडच्या लाळेच्या ग्रंथी राहतील. चव निम्मी-अर्धी तरी परत यावी."

निम्मी. माझ्या छातीत काहीतरी टोचलं, आणि ती काळजी नव्हती. त्याच्या मानेत जी गाठ आहे, ती कदाचित माझ्यामुळे आहे, हे कळून दोन मिनिटं झाली नव्हती. तरी मी हिशेब कशाचा करत होतो, तर त्याला निम्मी चव मिळणार आणि मला शून्य.

आठवड्याने त्याचा मास्क करायचा होता. किरण देताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसणारी जाळी. प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करतात आणि ओलाच तोंडावर दाबतात. आम्ही खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. मी आठवणीने त्याच्या उजवीकडे बसलो होतो.

"गुदमरतं का रे, दादा?" त्याने विचारलं.

"नाही. गरम लागतं. डोळे मिटून ठेव आणि गिळायचं असेल तर आधीच गिळून घे."

"तुझ्या वेळी तुला कोणी सांगितलं हे?"

"कोणी नाही."

"बघ. मला तू आहेस." आणि तो हसला.

ते हसू मला सहन झालं नाही. इथेही तो नशीबवान, आणि वर त्याला ते आवडतंय. पुढे मी जे बोललो ते पश्चात्तापाने बोललो असं सांगायला मला आवडेल. पण ते तसं नव्हतं. एकदा तरी त्याचा चेहरा पडलेला मला बघायचा होता.

"तो फॉर्म चार महिने माझ्या कपाटात पडला होता," मी म्हणालो. "स्वेटरांच्या खाली. मी मुद्दाम सही करत नव्हतो."



"माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"तुझ्या तपासणीच्या दिवशी मी गाडी लावून वर आलो, तेव्हा तू औषधांच्या रांगेत होतास. सिस्टरनी विचारलं, तुम्हीच का भाऊ? म्हणाल्या, भावंडांचा अभ्यास आहे, दादांची सही आली की तुम्हाला फोन करू."

"मग सही मागायचीस ना!" मी ओरडलो. सुक्या घशातून आवाज चिरका निघाला, बाकावरचे लोक बघायला लागले. "नाक चोंदलं तेव्हा मागायचीस! कान गेला तेव्हा तरी! घरी येऊन भांडायचंस, वहिनीला सांगायचंस! तोंडाला काय झालं होतं तुझ्या?"

"खुर्चीमुळे तू आधीच माझ्याशी धड बोलत नव्हतास," तो म्हणाला. "त्यात आणि सही कुठे मागू? आणि मला वाटत होतं, तू देशील."

"चार महिने?"

"रोज वाटायचं, दादा. आज देईल."

आतून त्याला हाक मारली. त्याने चष्मा आणि घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि तो आत गेला. मला त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण तोंड इतकं कोरडं पडलं होतं की जीभ टाळ्यावरून सुटेना. दार लागलं. मी त्याच्या नाकावर जळत होतो, खुर्चीवर जळत होतो, मान वाकडी करण्यावर जळत होतो, आणि तो त्या खुर्चीत बसून चार महिने फोनची वाट बघत होता.