परसदारी जाऊन बघितलेलं काम

कसबा बावड्याच्या उसाच्या रानात सोसायटी उभी राहिली, तेव्हा पार्किंगच्या मागं एक जुनी विहीर तशीच राहून गेली. ती अक्कांच्या सासरची. रान गेलं, त्याच जागी दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आला; पण सकाळचा चहा घेताना अक्कांची नजर अजून विहिरीकडंच जायची. नवी नवरी असताना त्यांनी तिथलं पाणी शेंदलं होतं.

आता त्या विहिरीवर गंडांतर आलं होतं. सोसायटीला पर्यावरणाचं काहीतरी करायचं होतं आणि शिल्लक एकाच कामापुरती होती. चेअरमन हंबीररावांना ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारं यंत्र हवं होतं. ते बसवायला विहीर बुजवावी लागणार होती. अक्कांचं म्हणणं, गच्चीवरचं पावसाचं पाणी गाळून विहिरीत सोडा. मिटिंगमध्ये हंबीररावांनी यंत्राचे चकचकीत फोटो दाखवले आणि लगेच हात वर करायला सांगितलं.

"थांबा की जरा," अक्का म्हणाल्या. "आमच्यात लेक द्यायची तर आधी घर बघायला जायचे. पर नुसतं सोप्यात बसून पोहे खाऊन न्हाय. एक बाई हळूच परसदारी जायची. चूल बघायची, न्हाणी बघायची, शेजारणीला इचारायची. तिनं मान हलवली तरच सुपारी फुटायची. तुम्ही फोटो बघूनच अक्षता टाकाय लागलाय."

सगळे हसले, पण बँकेत नोकरी करणाऱ्या सेक्रेटरी भैरवीला ते पटलं. तिनं ठरवून टाकलं, की असं काम चार-पाच वर्षांपूर्वी जिथं झालंय, तिथं जाऊन बघायचं आणि न सांगता जायचं.

रविवारी मंडळी उचगावच्या, गॅसचं यंत्र बसवलेल्या एका सोसायटीत गेली. पुढं झकास रंगीत फलक होता. अक्का कुणाला न विचारता मागं वळल्या. तिथं यंत्राच्या झाकणावर कुणाच्या तरी कुरडया वाळत होत्या. शेजारच्या बाईनं सांगितलं, सुरुवातीला गॅस चांगला यायचा. पण कचऱ्यातलं प्लॅस्टिक रोज निवडायचं कुणी, यावर भांडणं झाली आणि सगळं थंडावलं. हंबीरराव बराच वेळ कुरडयाच बघत राहिले.

अक्का परतताना गाडीत गुणगुणत होत्या. शेजारी बसलेले मुनव्वरभाई, त्यांच्याच मजल्यावरचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर, हळूच म्हणाले, "अक्का, आता तुमच्या लेकीचं, म्हंजे विहिरीचं, सासर बघायचं ऱ्हायलं की."

पुढच्या रविवारी अक्कांचे गुडघे अचानक दुखायला लागले. मुनव्वरभाईंनी ऐकलं नाही. दुसऱ्या एका सोसायटीत पावसाचं पाणी विहिरीत सोडलेलं होतं, ते बघायला त्यांना जावंच लागलं. गाळणीचा खड्डा पाल्यानं गच्च भरलेला. विहिरीतलं पाणी काळं पडून वास मारत होतं. गाळणी बसवल्यापासून कुणी उपसलीच नव्हती. आपली विहीर आपल्याच बोलण्यानं बुडाली, असं येताना अक्कांना वाटत होतं. तिचं पाणी पूर्वी आरशासारखं असायचं ते कशामुळं, हे आठवत त्या घरी आल्या.

मिटिंगमध्ये त्यांनी विहिरीची बाजू घेतलीच नाही. म्हणाल्या, "दोन्ही घरं एकाच दुखण्यानं बसल्यात. काम करायचं ठरलं, सांभाळायचं कुणी ते ठरलंच न्हाय. आधी माणसं ठरवा, मग काम."

भैरवीनं तसंच विचारलं. रोजचा कचरा निवडायला कोण? हंबीररावांचा हात अर्धा वर गेला, बायकोची नजर पडताच डोकं खाजवून खाली आला. मग वर्षातून एकदा, पावसाच्या आधी गाळणी आणि विहीर साफ करायला कोण? मुनव्वरभाईंनी हात वर केला. बाकी सगळे चुळबुळत होते.

"आमच्याकडं वैशाखात गाळ काढायचे," अक्का सावकाश म्हणाल्या. "सासूबाई दगडी चुलीवर मटण शिजवायच्या. जो विहिरीत उतरायचा, त्यालाच ताट. न उतरणाऱ्याला नुसता वास. कुणाला बोलवायला लागायचं न्हाय. ह्या वैशाखाला मी रांधते."

एकेक हात वर जाऊ लागला. भैरवीनं आधी नावं लिहून घेतली आणि मगच विहिरीचं काम मंजूर केलं.

सगळ्यात शेवटी हंबीररावांचा हात वर आला. "अक्का, रस्सा तांबडा का पांढरा?"

"उतरंल त्याला दोन्ही," अक्का म्हणाल्या.