चार कोरे, तीन छापील

एकोणीसशे एक्क्याण्णव साली, शाळेच्या पन्नासाव्या वर्षाच्या नाटकाला बावीस दिवस राहिले असताना, एका दुपारी धाकटीने अस्वलाच्या मुखवट्याच्या गालावरचा ओला कागद नखाने उचलला आणि हळूच सोलून काढला. कागद हातात अख्खा आला. त्याच्याखाली तळहाताएवढी जागा कोरडी ठणठणीत होती, तिथे खळ पोचलीच नव्हती. तिने तो कागद बादलीत टाकला, कोरड्या जागेवर खळीचा हात फिरवला आणि नवा कागद बसवून कडेपर्यंत दाबत नेला. आतल्या खोलीत थोरली जाऊ आडवी झाली होती. तिच्या खाटेची कुरकुर ऐकू आली की धाकटी हात थांबवायची. कुरकुर थांबली की पुन्हा सोलायला लागायची.

त्या घरात मुखवटे सासऱ्यांच्या वेळेपासून होत असत. नाटकमंडळ्या, शाळा आणि खेळण्यांची दोन दुकानं, एवढीच गिऱ्हाइकं. साच्याला तेल लावायचं आणि त्यावर मैद्याच्या खळीत भिजवलेल्या कागदाचे सात थर द्यायचे. एक कोरा, एक छापील, पुन्हा एक कोरा, एक छापील. असं केलं की कुठे जागा सुटली तर लगेच डोळ्यांत भरते. धाकटी लग्न होऊन आली त्याच महिन्यात थोरलीने कामाची वाटणी करून टाकली होती. कोरे चार थर थोरलीचे, छापील तीन धाकटीचे. ‘थोरलेपणाचा एक थर जास्त,’ असं ती तेव्हा म्हणाली, आणि पुढची पंचवीस वर्षं घरी कुणीही नवं आलं की म्हणत राहिली.

दोघींची रीत मात्र वेगळी. थोरली कपाळापासून सुरुवात करून हनुवटीकडे उतरायची, धाकटी हनुवटीपासून कपाळाकडे चढायची. सासऱ्यांनी एकदोनदा सांगून पाहिलं आणि नाद सोडला. त्यामुळे थोरलीच्या थरात खालचा तुकडा वरच्या तुकड्यावर चढलेला असे, धाकटीच्या थरात वरचा खालच्यावर. रंग लागला की बाहेरच्याला काही कळायचं नाही. या दोघींना मात्र ओला मुखवटा दुरून बघून सांगता यायचं की हा हात कुणाचा.

त्या हिवाळ्यात थोरली महिनाभर तापाने अंथरुणाला खिळली होती. उठली, पण बोटांतला जोर परत आला नाही. चिमटीत कागद धरता येई, दाबता येत नसे. डब्याची झाकणं ती धाकटीपुढे सरकवायची आणि म्हणायची, “हल्ली झाकणंच घट्ट करतात मेले.” कामावर मात्र सकाळी आठाच्या ठोक्याला हजर. ती तिचे कोरे थर द्यायची, जेवून आडवी व्हायची, आणि मग धाकटी ते थर सोलून पुन्हा द्यायची. शाळेच्या चाळीस मुखवट्यांचे कोरे थर म्हणजे एकशे साठ. शिवाय तिचे स्वतःचे एकशे वीस होतेच. तिच्या बोटांची टोकं पाण्याने पांढरी पडून उलली होती. खांदे भरून आले की ती भिंतीला पाठ लावून उभी राहायची, आणि उभ्याउभ्याच तिचे डोळे मिटायचे.

तिचा नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. घरी येणारा छापील कागद त्याच छापखान्यातला, बाद झालेला. संध्याकाळी चपला काढता काढता तो वाळत ठेवलेल्या मुखवट्यांवरून नजर फिरवायचा.

“वाघाच्या कानात एक वेलांटी चुकली आहे,” तो म्हणायचा.

“रंग लागला की झाकली जाईल,” धाकटी म्हणायची.

“माझ्या सगळ्या चुका तुमच्या मुखवट्यांत येऊन झाकल्या जातात, म्हणून नोकरी टिकली.” मग तो आवाज खाली आणायचा. “वहिनीला एकदा सांगून टाक. तू झोपेतसुद्धा पांघरूण दाबून बसवत असतेस, ठाऊक आहे का?”

“सांगीन.”

“कधी?”

ती ताटं मांडायला घ्यायची.

त्या दुपारी अस्वलाचा दुसरा गाल व्हायच्या आत शाळेचे चित्रकलेचे मास्तर आले. नाटक तेच बसवत होते. त्यांच्या पिशवीत आधी दिलेल्या वीस मुखवट्यांतले दोन होते. त्यांनी ते खुर्चीवर ठेवले, आणि स्वतः उभेच राहिले.

“कोल्हा शिंकला,” मास्तर म्हणाले. “नुसता शिंकला हो, आणि नाक माझ्या हातात आलं. घुबडाचं तर कपाळच सुटलं. थरच्या थर.”

धाकटीने घुबड उचलून कडेने पाहिलं. हे दोन मुखवटे तिला आठवत होते. त्या दिवशी तिची पाठ धरली होती आणि ती मनाशी म्हणाली होती, दोन न सोलता राहू देत, एवढ्याने काय होतंय.

“माझंच चुकलं, मास्तर.”

“तुमचं नाही,” मास्तर हळू आवाजात म्हणाले. “मी काय या घरात नवा आहे? थोरल्या बाईंना आता बसू द्या. हेडमास्तर म्हणतायत बाजारातून प्लास्टिकचे आणू. मी अडवून धरलंय. पण आणखी एक जरी सुटला ना, तर मला तिथे तोंड राहायचं नाही.”

“चाळीस तोंडं करतोय इथे,” आतून थोरलीचा आवाज आला. “त्यातलं एक घेऊन जा, मास्तर.”

मास्तर हसले, पण त्यांचे कान लाल झाले. जाता जाता त्यांनी पिशवीतून आणखी एक मुखवटा काढला. चांदोबा होता, गोल गालांचा, रंग उडालेला. एका बाजूची कड उंदरांनी खाल्ली होती.

“अडगळीच्या खोलीत सापडला. तुमचाच. साचा असेल तर असाच एक करा. नसेल तर टाका लगद्यात.”

चांदोबाचा साचा केव्हाच फुटला होता. मास्तर गेल्यावर धाकटीने मुखवटा उलटा करून पाहिला. आतल्या बाजूला थोरलीच्या अक्षरात शिसपेन्सिलीने साल लिहिलं होतं. एकोणीसशे एकोणसत्तर.

तिने तो बादलीत बुडवला आणि तरंगू नये म्हणून वर पाटा ठेवला.

एकोणसत्तर साली तिची चार महिन्यांची मुलगी गेली होती. पाळणा माळ्यावर टाकला त्यानंतर ती कुणाशी बोलली नाही, किती दिवस ते तिला आजही सांगता आलं नसतं. मग एका सकाळी थोरलीने तिला दंडाला धरून उठवलं, साच्यापुढे बसवलं आणि म्हणाली, “बोलू नकोस हवं तर. हात तरी चालू दे.” तिने हात चालू ठेवले. तो चांदोबा तिला स्पष्ट आठवत होता. गालाच्या गोलाईवर कागद काही केल्या बसत नव्हता, चुण्या पडत होत्या, आणि थोरलीने वाकून बघून म्हटलं होतं, छान बसलाय. त्या वर्षाबद्दल तिच्यापाशी चांगलं असं एवढंच होतं. आपण कोसळलो होतो, पण कामाला उपयोगी पडत होतो. पुढे कधी कुणी विचारलं तर ती हेच सांगायची, की मला मुखवट्यांनी उठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरली आत गेल्यावर धाकटी बादली पुढ्यात घेऊन बसली. आज थोरली उठली की सांगायचं, हे तिने सकाळीच नक्की केलं होतं. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. वहिनी, तुम्ही आता कागद फाडून द्या, रंगाचं बघा, थर मी देते. ते मनात घोळवत तिने चांदोबा बाहेर काढला. रात्रभर भिजून कागद मऊ झाला होता. रंगाचा पापुद्रा निघाला, पाठोपाठ वरचा कोरा थर सुटायला लागला. खालचा तुकडा वरच्यावर चढलेला. थोरलीचा हात.

मग छापील थर आला. तिथेही खालचा तुकडा वरच्यावर चढला होता.

धाकटीने मुखवटा उजेडाकडे धरला. आपण उलटा तर धरला नाही ना, म्हणून तिने हनुवटी चाचपून पाहिली. पुढचा कोरा थर काढला. त्याखालचा छापील थरही कपाळापासून उतरत आलेला होता. तिसरा छापील थर तिने सोलला नाही. एक कोपरा उचलून पाहिला आणि परत दाबून ठेवला. मग ओले हात मांडीवर ठेवून ती तशीच बसून राहिली. लुगड्यावर पाणी ओघळत होतं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

खाट कुरकुरली. थोरली भिंतीला हात लावत बाहेर आली आणि स्टुलावर टेकली.

“लवकर उठलात,” धाकटी म्हणाली.

“झोप कुठे लागते. नुसतं पडायचं.” थोरलीने बादलीत डोकावून पाहिलं. “काय सोलतेस?”

“चांदोबा. एकोणसत्तरचा.”

थोरली पदराने चष्मा पुसायला लागली.

“वहिनी, यात माझे तीन थर कुठेत?”

“असतील,” थोरली म्हणाली. “त्या वेळच्या कुठल्यातरी बादलीत.”

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकल ढकलत गेलं. तिची साखळी मागच्या चाकाला घासत होती.

“तू आत जाऊन पडलीस की मी सोलायची,” थोरली म्हणाली. “सगळं चुण्याचुण्याचं असायचं. आणि खळ तुझी अशी घट्ट, की सोलता सोलता नखं उलायची माझी.”

“रोज?”

“रोज. सहा-सात महिने गेले असतील. मग एक दिवस सोलायला बसले, तर सोलण्यासारखं काही सापडेना.” तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि धाकटीच्या बोटांकडे पाहिलं. “म्हणून मी माझी खळ पातळ करते हल्ली. तुला जड जाऊ नये.”

गेले दोन महिने धाकटी मनातल्या मनात चडफडत होती, की वहिनींना आता खळीचं प्रमाणही आठवत नाही. तिने हात उचलून पुन्हा बादलीत घातले. पाण्यात ते थोडा वेळ नुसतेच राहिले.

“मास्तर काल काय म्हणाले ते ऐकलंय मी,” थोरली म्हणाली. “बोटं गेलीत, कान नाही. तू काय ठरवलंयस?”

जुळवून ठेवलेली वाक्यं धाकटीला एकही आठवेना.

“वीस राहिलेत अजून,” ती म्हणाली.

“ते मलाही मोजता येतं. पाठ दुखते ना तुझी?”

“दुखते.”

“मग मला रोज एकच मुखवटा देत जा. बाकीचे कोरे थर तू सरळ देऊन टाक. आधी मी द्यायचे, मग तू सोलायचे, मग तू द्यायचे. तीन बायकांचं काम दोघींत चाललंय.” ती थांबली. “एक मात्र दे.”

धाकटीने मान हलवली. उठताना तिने गुडघ्यावर हात टेकला, तेव्हा थोरलीने आपला हात पुढे केला. त्या हातात ओढायला जोर नव्हता. धाकटीने तो धरला आणि उठली मात्र स्वतःच्या जोरावर. मग साच्याला तेल लावून तिने तो थोरलीपुढे सरकवला, आणि कोऱ्या कागदाचे तुकडे तिच्या डाव्या हाताशी ठेवले, जिथे ते नेहमी लागत.

नाटक झालं. चाळीस मुखवट्यांतला एकही सुटला नाही. वाघ मात्र स्वतःचं भाषण विसरला, आणि मास्तरांनी पडद्याआडून ते इतक्या मोठ्याने सांगितलं की टाळ्या त्यांनाच पडल्या. पुढच्या वर्षी मास्तर निवृत्त होऊन मुलाकडे दुसऱ्या गावी गेले, आणि शाळेने प्लास्टिकचे मुखवटे आणले. छापखान्यात संगणक आले तशी धाकटीच्या नवऱ्याची नोकरी सुटली. तो घरी बसून कागद फाडून द्यायला लागला. प्रत्येक तुकडा आधी वाचून काढायचा, त्यामुळे त्याच्या हाताला उरक कधी आलाच नाही.

थोरली आणखी पाच वर्षं होती. रोजचा एक मुखवटा तिने सोडला नाही. पुढे त्याचे चार थर झेपेनात, तेव्हा दोन, मग शेवटचा वरचा एक. शहाण्णव साली दुपारी आडवी झाली ती उठली नाही.

धाकटी त्यानंतर बरीच वर्षं एकटीने मुखवटे करत राहिली, कोरेही आणि छापीलही, सगळे हनुवटीपासून वर. आता डोळ्यांमुळे तिने काम थांबवलंय. थोरलीने शेवटच्या सकाळी थर दिलेला मुखवटा मांजराचा होता. त्याच्या डाव्या डोळ्यावर हवा राहून गेली होती. वाळल्यावर तिथे बोट ठेवलं की आत टिक असा बारीक आवाज व्हायचा. धाकटीने तो थर सोलला नाही. तसाच रंगवला आणि बाकीच्यांबरोबर दुकानात पाठवून दिला. कुणीतरी तो विकत नेला. सुटला म्हणून अजून तरी परत आलेला नाही.